हेल्मेटवरच्या नाइट व्हिजनसाठी सुरक्षा-दोरी: चार प्रकारांचे परीक्षण

हेल्मेटच्या कपाळावर नाइट व्हिजन मोनोक्युलर, म्हणजे अंधारात पाहायचे एका डोळ्याचे उपकरण, लावणारा माणूस आतली प्रकाश वाढवणारी ट्यूब कोणत्या पिढीची आहे, उपकरण हेल्मेटला जोडणारे माउंट धातूचे आहे की प्लास्टिकचे, हेल्मेटचा तोल मागे वजन लावून साधावा की बॅटरी-पॅकने, याचा महिनोनमहिने विचार करतो आणि हे सगळे खाली पडू नये म्हणून लावायची दोरी मात्र शेवटच्या क्षणी, जी हाताला लागेल ती, उचलतो. विकणारेही या सवयीला खतपाणी घालतात, कारण दोरीच्या पाकिटावर ठळक अक्षरांत छापलेला असतो तो एकच आकडा, म्हणजे दोरी किती वजनाला तुटते. निवड करताना सर्वांत कमी उपयोगाचा आकडा हाच आहे, असे माझे मत आहे. दोरी उपकरणाच्या कोणत्या भागाला बांधली आहे, तिला मोकळा पल्ला किती आहे आणि ती भलत्याच जोराने ओढली गेली तर आधी काय सुटते, या गोष्टींवर तिचे बरेवाईट ठरते, आणि पुढचे परीक्षण याच कसोटीवर केलेले आहे.

उपकरण डोक्यावरून निसटते कसे, हे आधी पाहायला हवे. हेल्मेट आणि उपकरण यांच्यामध्ये साधारणपणे तीन जोड असतात. पहिला जोड हेल्मेट आणि श्राउड, म्हणजे माउंट बसवण्यासाठी कपाळावर लावलेली खाचेची पट्टी, यांचा. श्राउड एका किंवा तीन स्क्रूंनी कवचाला घट्ट केलेला असतो आणि स्क्रू कंपनाने हळूहळू सैल होतात. दुसरा जोड श्राउड आणि माउंट यांचा. माउंटचा पाया श्राउडच्या खाचेत सरकवून खटका बसेपर्यंत दाबायचा असतो, आणि खाचेत माती, वाळू किंवा सुकलेली पाने अडकली असतील तर खटका अर्धवट बसतो, वरून मात्र सगळे जागच्या जागी दिसते. तिसरा जोड माउंटचा हात आणि उपकरण यांचा. आजकाल तो बहुधा डव्हटेल पद्धतीचा, म्हणजे तिरक्या कडांची जीभ तशाच खाचेत सरकवण्याचा, असतो आणि एका छोट्या स्प्रिंगच्या खटक्यावर उभा असतो. अंधारात, हातमोजे घालून, घाईत लावलेले उपकरण निसटते ते बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या जोडातून. शिवाय काही माउंटांमध्ये ठरावीक जोर आला की माउंट मुद्दाम सुटावे अशी सोय केलेली असते, ती मानेच्या रक्षणासाठी. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

यावरून निघणारा पहिला निष्कर्ष सोपा आहे, तरीही तयार मिळणाऱ्या पुष्कळ दोऱ्या त्याच्या विरुद्ध बांधलेल्या असतात. दोरीचे एक टोक थेट उपकरणाच्या अंगाला आणि दुसरे टोक थेट हेल्मेटला असले पाहिजे, म्हणजे मधले तिन्ही जोड एकाच वेळी दगा देऊनही उपकरण लटकत राहील. माउंटच्या हाताला बांधलेली दोरी माउंट वाचवते; डव्हटेल सुटले तर उपकरण जमिनीवर आणि दोरी मात्र शाबूत, असा प्रकार होतो. श्राउडला बांधलेली दोरी त्यापेक्षा बरी, आणि श्राउड तीन स्क्रूंचा, धातूचा असेल तर मी ती चालवून घेईन. एका स्क्रूच्या श्राउडवर मात्र दुसरे टोक हेल्मेटच्या बाजूच्या रेलला (सामान अडकवायच्या पट्टीला) किंवा कवचाच्या एखाद्या वेगळ्या छिद्राला न्यावे.

आता जोराचा हिशेब. पीव्हीएस-१४ सारखे मोनोक्युलर सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम वजनाचे असते. ते १५ सेंटीमीटर मोकळे पडून दोरीला ताण आला, तर दोरीला शोषून घ्यावी लागणारी ऊर्जा अर्ध्या ज्यूलच्या थोडी पुढे जाते. ती ऊर्जा अवघ्या ५ मिलिमीटरमध्ये शोषली गेली, म्हणजे दोरी जवळजवळ ताणलीच नाही, तर सरासरी ओढ सुमारे १२ किलोच्या वजनाइतकी होते. तीच ३ सेंटीमीटरमध्ये शोषली गेली तर ओढ दोन-अडीच किलोवर येते. क्षणिक कमाल ओढ या सरासरीपेक्षा जास्त असते, पण दुप्पट धरली तरी दुकानांत सर्वत्र दिसणारी २५० किलो पेलणारी दोरी कशासाठी हवी, हे स्पष्ट होत नाही. तेच उपकरण डोक्याच्या उंचीवरून सरळ फरशीवर पडले तर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सहा मीटरच्या जवळपास असतो आणि ते एक-दोन मिलिमीटरमध्ये थांबते. आत फोटोकॅथोड, सूक्ष्म नलिकांची चकती आणि फॉस्फरचा पडदा निर्वात नळीत एकमेकांपासून केसाएवढ्या अंतरावर बसवलेले असतात; अशा धक्क्याने नळी फुटली नाही तरी चित्रात कायमचे काळे ठिपके येऊ शकतात. दोरीने थांबवायचा आहे तो हा धक्का, आणि थांबवताना स्वतः दुसरा धक्का द्यायचा नाही.

दोरी फार मजबूत असण्याचा एक तोटा सहसा कोणी सांगत नाही. एकाच जातीची दोरी किती ताणली जाईल, हे ओढ तिच्या तुटण्याच्या क्षमतेचा कितवा भाग आहे यावर ठरते. जाड दोरीला दहा-बारा किलोची ओढ कळतसुद्धा नाही, म्हणून ती त्या ओढीला काठीसारखी ताठ राहते आणि सगळा झटका उपकरणावरच्या कडीवर, पर्यायाने त्या कडीच्या बारीक स्क्रूंवर किंवा प्लास्टिकच्या कवचावर, जातो. पातळ दोरी त्याच ओढीला लक्षात येण्याइतकी लांबते आणि झटका गिळते.

पहिला प्रकार साध्या नायलॉन दोरीचा, म्हणजे पॅराकॉर्डचा. दुकानांत सर्वत्र दिसते ती टाइप-थ्री जातीची, ५५० पौंड म्हणजे सुमारे २५० किलो पेलणारी आणि साधारण ४ मिलिमीटर जाडीची. वर सांगितलेल्या कारणासाठी ती मला या कामाला अवजड वाटते. गाठीही फुगीर होतात आणि माउंट वर उचलताना गाठ नेमकी बिजागरीत अडकते. टाइप-वन जातीची, ९५ पौंड म्हणजे सुमारे ४३ किलो पेलणारी आणि दोन मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीची दोरी मात्र या कामासाठीच बनवली असावी इतकी योग्य आहे. साधी गाठ मारल्यावर दोरीचे बळ बरेच घटते, कधीकधी निम्म्यापर्यंत, आणि नायलॉन ओले झाले की आणखी थोडे कमी होते. हे दोन्ही धरूनही मोनोक्युलरसाठी पुरेसे बळ शिल्लक राहते. कापलेली टोके आचेवर वितळवून बंद करावी लागतात, नाहीतर आतला धागा बाहेरच्या विणीतून सरकून गाठीतून निसटतो. पॅराकॉर्डचा खरा दोष हा की ती मोकळी असताना लोंबते, आणि लोंबणारी दोरी फांदीत, हेडसेटच्या मायक्रोफोनच्या दांडीत किंवा खांद्यावरच्या पट्ट्यात अडकते. लांबी नीट मोजली तर हा दोष बराच कमी होतो.

दुसरा प्रकार बंजीचा, म्हणजे आत रबर आणि बाहेर विणलेले आवरण असलेल्या दोरीचा. ही सर्वांत जास्त खपते, कारण ती लोंबत नाही, हेल्मेटला चिकटून राहते आणि दिसायला नीटनेटकी असते. माझे मत तिच्या विरुद्ध आहे. रबर ऊर्जा शोषते कमी आणि परत जास्त करते. खाली गेलेले उपकरण तितक्याच उत्साहाने वर येते, आणि वर असतो तो चेहरा. चष्मा लावणाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा. रबर ऊन, घाम आणि कीटकनाशक फवाऱ्यांमुळे कडक होत जाते, आणि बाहेरचे आवरण शाबूत असल्याने आतले रबर तुटले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ऑप्स-कोर किंवा टीम वेंडी या कंपन्यांच्या हेल्मेटांच्या रेलवर जे दोन बंजी आकड्यांसह येतात, ते चालताना उपकरण डुगडुगू नये म्हणून दोन्ही बाजूंनी मागे ओढून धरण्यासाठी आहेत. ते काम ते उत्तम करतात आणि ते जरूर लावावेत; पण आकडा नुसता अडकवलेला असतो, ताण गेला की तो सुटू शकतो, म्हणून त्यांना सुरक्षा-दोरी समजू नये. बंजी आहे म्हणून दोरी नको, असे म्हणणारे बरेच भेटतात.

तिसरा प्रकार गुंडाळणाऱ्या रिळाचा. काही श्राउडांमध्ये आणि काही माउंटांमध्ये तो आतच बसवलेला मिळतो, आणि वेगळा घेऊन चिकटवताही येतो. बारीक दोरी आतल्या स्प्रिंगवर गुंडाळलेली असते. माउंट खाली घेतले की ती बाहेर येते, वर केले की आत जाते. लोंबण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि ज्यांना रात्रभर उपकरण सतत खालीवर करावे लागते, उदाहरणार्थ नकाशा पाहायला किंवा उजेडातल्या माणसाशी बोलायला, त्यांच्यासाठी याहून सोयीचे काही नाही. सोयीची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. एक, रिळाची ओढ सतत उपकरणावर असते, आणि माउंटचे अंतर किंवा कोन किंचित सैल ठेवून काम करणाऱ्यांचे चित्र हळूहळू सरकत जाते. दोन, दोरी ज्या तोंडातून बाहेर येते तिथे ती प्रत्येक वेळी एकाच जागी वाकते आणि घासते, म्हणून ती तिथेच तुटते. त्या दोन सेंटीमीटरवर नख फिरवून पाहिले तर सुटलेले तंतू हाताला लागतात. तीन, वाळू आणि ओली माती आत गेली की स्प्रिंग अर्ध्यावर थांबते आणि दोरी पुन्हा लोंबू लागते, तीसुद्धा पूर्ण लांबीने. पडल्यावर रीळ शेवटपर्यंत उलगडून मग झटका बसतो, हेही लक्षात ठेवावे. रिळात ६० सेंटीमीटर दोरी असेल तर उपकरण छातीपर्यंत येऊन थांबते आणि शोषायची ऊर्जा १५ सेंटीमीटरच्या चौपट होते. म्हणून रीळ घ्यायचे तर दोरीवर मधेच गाठ किंवा मणी घालून पल्ला तोडता येतो का, हे आधी पाहावे. ज्यात तसे करता येत नाही ते मी घेणार नाही.

चौथ्या गटात न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्या येतात: प्लास्टिक चढवलेली पोलादी तार, डायनिमा (पॉलिथिलीनचा मजबूत धागा) आणि अरॅमिड (केव्हलरच्या जातीचा धागा). पोलादी तारेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती खडखडते, एकदा मुरगळली की तशीच राहते, हेल्मेटचा रंग आणि लेन्सची कड दोन्ही खरवडते, आणि झटका जसाच्या तसा पोचवते. डायनिमा वजनाच्या मानाने विलक्षण मजबूत, पाणी न पिणारे आणि अगदी पातळ असते, त्यामुळे लोकांना त्याचा मोह पडतो. पण ते गुळगुळीत असल्याने नेहमीच्या गाठी त्यावर सरकतात, १५० अंश सेल्सियसच्या आसपासच वितळते आणि ताणले जवळपास जातच नाही. अरॅमिड आगीत टिकते, पण उन्हाने आणि वारंवार वाकण्याने कमजोर होते, आणि माउंटच्या बिजागरीपाशी दोरीच्या वाट्याला वारंवार वाकणेच येते. अग्निशमनासारख्या कामात उष्णतेमुळे अरॅमिड घ्यावे लागेल. बाकीच्यांना या गटाची गरज दिसत नाही.

दोरी ठरली की टोकांचा प्रश्न येतो, आणि इथे बाजारात गमतीदार वस्तू मिळतात. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी छोटी धातूची कडी, मासेमारीचे फिरते आकडे, चुंबकाने चिकटणाऱ्या क्लिपा, असे बरेच काही दोरीच्या टोकाला लावून विकले जाते. चुंबक पूर्णपणे टाळावा. काही उपकरणांत माउंटमधल्या चुंबकावरून उपकरण जागेवर आहे की नाही हे ओळखून ते आपोआप बंद करण्याची सोय असते, आणि तिथे भलता चुंबक आला की उपकरण नको तेव्हा बंद पडते किंवा काढून ठेवल्यावरही चालू राहते. उपकरणाच्या बाजूला धातू नसलेलाच बरा. दोरीचा फासा कंपनीने दिलेल्या कडीतून घालून त्यातूनच दोरी ओवून घट्ट करावी, ही सर्वांत हलकी, निःशब्द आणि खात्रीची पद्धत आहे. कडीच नसेल तर फासा उपकरणाच्या गळ्याभोवती, बॅटरीचे झाकण आणि डव्हटेल यांच्यामध्ये बसवता येतो, मात्र तो फोकसच्या कड्यावर किंवा चालू-बंद बटणावर सरकणार नाही याची खात्री करावी लागते. पुढच्या काचेवरच्या संरक्षक झाकणाची जी बारीक दोरी असते, तिला काही बांधू नये; ती झाकणाचेच वजन पेलण्यासाठी आहे.

हेल्मेटच्या बाजूला मात्र पटकन सोडता येणारा जोड हवा, आणि तिथे लहान प्लास्टिकचे, दोन्ही बाजूंनी दाबायचे बकल मला सर्वांत योग्य वाटते. ते हातमोज्यांनी उघडता येते, आणि दोरीपेक्षा कमी जोराला तुटणारे निवडले तर तेच सर्वांत कमकुवत दुवा ठरते. कमकुवत दुवा मुद्दाम का ठेवायचा, याचे उत्तर मानेत आहे. हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याने डोक्याला बांधलेले असते. दोरी फांदीत किंवा वाहनाच्या दारात अडकली आणि माणूस पुढे गेला, तर २५० किलोची दोरी तुटत नाही; ओढ पट्ट्यावर आणि तिथून मानेवर येते. वैमानिकांच्या आन्विस जातीच्या गॉगलांचे माउंट १० ते १५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या दहा ते पंधरा पट, इतक्या धक्क्याला स्वतःहून सुटावे असे बनवलेले असते, म्हणजे अपघातात ते वजन मानेला पुढे ओढत नाही. सुटण्याची अशी सोय असलेल्या माउंटवर न तुटणारी दोरी बांधणे म्हणजे ती सोय अर्धी रद्द करणे होय, कारण सुटलेले उपकरण दोरीच्या टोकाला गोफणीसारखे फिरत राहते. विमानात किंवा हेलिकॉप्टरमध्ये काम करणाऱ्यांनी त्यांच्या उपकरणाच्या नियमपुस्तिकेत लिहिलेलेच लावावे, बाजारातले काहीही नाही. जमिनीवर चालणाऱ्यांसाठी उपकरणाच्या वजनाला सहज पेलेल पण माणसाच्या वजनाला नक्की तुटेल, असा मधला टप्पा गाठायचा आहे, आणि टाइप-वन दोरी अधिक लहान बकल ही जोडी त्यात बसते.

लांबी ठरवताना लोक एकदाच, उपकरण डोळ्यांसमोर असताना, मोजतात आणि मग ते वर उचलताना दोरी ताठ होते. मोजायला हव्यात तीन अवस्था: उपकरण खाली आणि डोळ्याजवळ, उपकरण खाली पण माउंटवर जास्तीत जास्त पुढे, आणि उपकरण कपाळावर उचललेले. वर उचलताना माउंट कमानीत फिरते, म्हणून सर्वांत जास्त लांबी बऱ्याचदा मधल्या वाटेवर लागते, शेवटच्या टोकाला नाही. ती पूर्ण फेरी सावकाश करून पाहावी. जी सर्वांत मोठी लांबी निघेल तिच्यात बोटभर सैलपणा मिळवला की पुरे. बहुतेक माउंटांवर हे अंतर १५ ते २० सेंटीमीटरच्या दरम्यान येते, आणि मग सुटलेले उपकरण नाक आणि हनुवटी यांच्या मध्ये लटकते. दातांच्या पातळीवर ते झुलणे कुणालाच आवडत नाही, म्हणून दुसरे टोक रेलवर, कानाच्या थोडे पुढे, नेणे अधिक चांगले. उपकरण एका गालाकडे झुकते आणि पुढे वाकले तरी तोंडावर आदळत नाही. चाचणी घ्यायची तर खऱ्या उपकरणाने घेऊ नये. तेवढ्याच वजनाची वाळूची छोटी पिशवी बांधून, गादीवर उभे राहून, पुढे, मागे आणि बाजूला झटकन वाकून पाहावे.

मागच्या बॅटरी-पॅकमधून पुढे येणारी वायर ज्यांच्याकडे आहे, त्यांनी वायरीचा सैलपणा दोरीच्या सैलपणापेक्षा जास्त ठेवावा. दोन्ही सारख्या लांबीच्या असतील तर झटका आधी कुणावर येईल हे नशिबावर सोडल्यासारखे होते, आणि वायरीचे प्लग खेचले जाण्यासाठी बनवलेले नसतात.

दोन डोळ्यांच्या उपकरणांसाठी थोडा वेगळा हिशेब लागतो. पीव्हीएस-३१ सारखी दुर्बीण साडेचारशे ग्रॅमच्या आसपास असते, आणि चार नळ्यांची जीपीएनव्हीजी-१८ पाऊण किलोच्या पुढे जाते. टाइप-वन दोरी पहिलीला पुरते, दुसरीला मी तीच दोरी दुहेरी करून लावेन. दोन स्वतंत्र मोनोक्युलर एका पुलावर जोडून दुर्बीण केली असेल तर प्रत्येकाचा डव्हटेल वेगळा असतो, म्हणून प्रत्येकाला स्वतःची दोरी हवी. पुलाला बांधलेली एकच दोरी दोन्ही मोनोक्युलर गमावून पूल तेवढा वाचवू शकते.

रंगाविषयी एक सूचना. दिवसा गडद हिरवा किंवा काळा दिसणारा दोरा इन्फ्रारेड दिव्याच्या उजेडात पांढरा फटफटीत दिसू शकतो, कारण अनेक रंगद्रव्ये दृश्य प्रकाश शोषतात पण इन्फ्रारेड परत फेकतात. वन्यप्राण्यांचे निरीक्षण करणाऱ्यांना प्राण्यांसाठी याची फारशी चिंता नाही, पण लेन्ससमोर आलेला असा दोरा स्वतःच्याच दिव्याने उजळून चित्रावर धुके पसरवतो. विकत घेण्यापूर्वी दोरीचा तुकडा उपकरणातूनच पाहून घ्यावा. दुकानदार नाही म्हणत नाही.

माझी स्वतःची निवड टाइप-वन नायलॉन दोरी, उपकरणाकडे फासा आणि रेलकडे लहान बकल अशी आहे, आणि सतत खालीवर करणाऱ्याला पल्ला तोडता येणारे रीळ सुचवेन. बंजी मी फक्त डुगडुगणे थांबवायला ठेवतो. दोरी दर हंगामाला बदलावी आणि एकदा खरा झटका घेतलेली दोरी लगेच टाकून द्यावी, गाठी सोडवून पुन्हा वापरू नये. हेल्मेट दुसऱ्याला वापरायला दिले तर त्याच्या डोळ्यांसाठी माउंट पुढेमागे सरकवले जाते, तेव्हा तिन्ही अवस्थांमध्ये दोरी पुन्हा मोजून घ्यावी लागते.